पाऊस ओसरल्यावर म्हादईच्या खोऱ्यात: शरदातील निसर्ग आणि वन्यजीव पाहण्याचा योग्य क्रम

पाऊस ओसरला की पणजी, म्हापसा, फोंडा आणि डिचोलीहून रविवारी चोर्ला घाटाकडे गाड्यांची रांग लागते, आणि त्यांतील बहुतेक मंडळी संध्याकाळी ‘जंगलात काहीच दिसले नाही’ असे म्हणत परत फिरतात. जंगलात त्या दिवशीही सर्व काही असते. चुकलेला असतो तो पाहण्याचा क्रम. उशिरा निघायचे, आधी धबधबा गाठायचा, मग भर उन्हात रानवाटेने चालायचे आणि प्राणी हालचाल करू लागतात नेमक्या त्याच वेळी घाट उतरायचा, असा हा क्रम आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील म्हादई खोऱ्यात आणि वरच्या चोर्ला, सुरला परिसरात दोन दिवस कसे घालवावेत, हे पुढे टप्प्याटप्प्याने दिले आहे. नेत्रावळी, खोतीगाव आणि मोले येथेही हाच क्रम उपयोगी पडतो.

## टप्पा १: आधी पंधरवडा ठरवावा, मग ठिकाण

शरद ऋतू हा गोव्याच्या डोंगरात एकसारखा नसतो. त्याचे तीन भाग पडतात आणि प्रत्येक भागात पाहण्याच्या गोष्टी वेगळ्या असतात. ‘दिवाळीच्या सुट्टीत जमेल तेव्हा’ असे ठरवून निघणारे लोक सड्यावरील फुले शोधत नोव्हेंबरात येतात आणि त्यांना वाळलेले गवत दिसते.

पहिला भाग सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा. या काळात जांभ्या दगडाच्या सड्यांवर सीतेची आसवे, गेंद आणि तेरडा फुललेला असतो. खडकावर मातीचा थर अगदी पातळ असल्यामुळे पाऊस थांबताच तो झपाट्याने कोरडा पडतो आणि ही फुले संपतात. चतुर्थीच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळाफुलांच्या सजावटीसाठी, रानातून आणतात ती कळलावी, म्हणजे आपली वाघनखी, कुंपणांवर अजून फुललेली दिसते. जळवा मात्र भरपूर असतात आणि दुपारनंतर विजांसह पाऊस कोसळण्याची शक्यता असते.

दुसरा भाग ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा. एकदाच जाणे शक्य असेल तर याच काळात जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ओढ्यांना पाणी असते, पण त्याचा जोर उतरलेला असतो. फुलपाखरे विपुल असतात आणि उत्तरेकडून येणारे पाहुणे पक्षी दाखल होत असतात. ओढ्याच्या दगडांवर शेपटी हलवणारा करडा धोबी आधी येतो, आणि झाडीतल्या पालापाचोळ्यावर उड्या मारणारा नवरंग त्यानंतर.

तिसरा भाग डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा. गवत वाळते, पाणवठे कमी होतात, त्यामुळे सस्तन प्राण्यांच्या खुणा वाचणे सोपे जाते. पक्ष्यांसाठीही हा उत्तम काळ आहे, मात्र फुले आणि बेडूक शोधण्यासाठी नाही.

खातरजमा: आपल्याला फुले पाहायची आहेत, फुलपाखरे, पक्षी की प्राण्यांच्या खुणा, हे एका वाक्यात लिहून काढावे. वाक्यात दोनापेक्षा अधिक गोष्टी येत असतील तर बेत सुटसुटीत करावा.

## टप्पा २: परवाना आणि मुक्काम

म्हादई अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर असून ते १९९९ साली घोषित झाले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात शिरण्यासाठी वन खात्याची परवानगी लागते. रस्ता सार्वजनिक आहे म्हणून रस्त्यालगतचे रानही मोकळे आहे, हा समज चुकीचा आहे. निघण्याच्या काही दिवस आधी वाळपईच्या वन कार्यालयात चौकशी करावी, कोणत्या वाटा खुल्या आहेत ते विचारावे आणि शुल्काची पावती जवळ ठेवावी. घाट चढून गेल्यावर कर्नाटकाची हद्द लागते. तिकडचे भीमगड अभयारण्य त्या राज्याच्या वन खात्याकडे आहे, त्यामुळे गोव्याची परवानगी तेथे चालत नाही.

मुक्काम निवडताना खोलीची छायाचित्रे पाहून भागत नाही. डोंगरातील रिसॉर्ट किंवा घरगुती निवास ठरवण्यापूर्वी दूरध्वनी करून चार गोष्टी विचाराव्यात: रात्री मोठ्या आवाजात संगीत लावतात का, आवारातील दिवे रात्रभर जळतात का, माकडांना किंवा इतर प्राण्यांना खाऊ घालतात का, आणि सकाळी सहाच्या आधी फाटक उघडून चहा मिळेल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर जागा कितीही सुंदर असली तरी ती सोडून द्यावी. साडेआठला मिळणाऱ्या न्याहारीसाठी थांबल्यास दिवसाचा सर्वोत्तम भाग हातचा जातो.

किमान दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा. एकाच दिवसात चोर्ला, तांबडी सुर्ला आणि दूधसागर गाठण्याचा बेत करू नये. तिन्ही ठिकाणी फक्त वाहनतळ पाहून होतो.

गावातला वाटाड्या घ्यावाच. कोणते उंबराचे झाड सध्या फळांनी लगडले आहे आणि गवे कोणत्या बाजूने शेतात उतरत आहेत, हे त्याला ठाऊक असते, आणि ते कोणत्याही ॲपवर मिळत नाही. त्याचे मानधन आधी ठरवावे आणि घासाघीस करू नये. हा भातकापणीचा हंगाम आहे, तो स्वतःचे काम बाजूला ठेवून आपल्याबरोबर येत असतो.

इशारा: दूधसागरला रेल्वेमार्गावरून चालत जाणे हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे आणि जिवावर बेतणाराही आहे. कुळेहून वन खात्याच्या परवानगीने जाणाऱ्या जीप सुरू झाल्या आहेत की नाहीत याची चौकशी करूनच तिकडचा विचार करावा.

## टप्पा ३: सामान

येथे थोडक्यातच सांगतो, कारण लोक सामान कमी नेण्याऐवजी नको ते अधिक नेतात.

- दाट झाडीत ८×४२ ची दुर्बीण पुरते. अधिक मोठे करून दाखवणारी दुर्बीण हातात थरथरते आणि तिच्यात पानांआडचा पक्षी सापडत नाही.
- कपडे मातकट किंवा फिकट हिरव्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे असावेत. पांढरा, लाल आणि चकाकणारा रेनकोट टाळावा.
- पायांत घोट्यापर्यंतचे बूट आणि त्यांत विजारीची टोके खोचता येतील असे लांब, घट्ट विणीचे मोजे.
- कीटकरोधक मलम लावल्यावर हात पुसूनच दुर्बिणीला लावावेत. डीट असलेले मलम प्लास्टिक आणि रबर खराब करते.
- चिमटा, टॉर्च, प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि कागदी नकाशा किंवा आधीच उतरवून घेतलेला नकाशा. घाटात मोबाईलचे जाळे अनेक ठिकाणी मिळत नाही.

खाण्याचे पदार्थ घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात न्यावेत. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज माकडांना चांगला ओळखीचा झालेला आहे.

## टप्पा ४: आदल्या संध्याकाळची पाहणी

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात आणि सकाळचे अपयश येथेच ठरते. मुक्कामी पोहोचल्यावर उजेड असतानाच अर्धा तास काढून दुसऱ्या दिवशी बसण्याची जागा निश्चित करावी.

आधी फळलेले झाड शोधावे. वड, उंबर, पिंपळ यांसारख्या झाडाखाली ताजी पडलेली, अर्धवट खाल्लेली फळे आणि विष्ठेत बिया दिसल्या, तर वर दिवसभर राबता असतो असे समजावे. मलबारी कवड्या धनेश, हरियल, तांबट, हळद्या आणि शेकरू हे सर्व एकाच झाडावर येऊ शकतात. या दिवसांत धनेशांची वीण नसते, ते लहानमोठ्या थव्यांनी फळझाडांमागे फिरतात. त्यामुळे धनेशाचा शोध म्हणजे प्रत्यक्षात फळलेल्या झाडाचा शोध होय.

दुसरी पाहणी उजेडाची. म्हादईच्या खोऱ्यात पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. सूर्योदय साडेसहाच्या सुमारास झाला तरी तळातल्या वाटेवर ऊन बरेच उशिरा उतरते. पहिली किरणे पश्चिमेकडच्या उतारावरील झाडांच्या शेंड्यांना लागतात आणि रात्री गारठलेले पक्षी अंग शेकायला तेथेच येऊन बसतात. म्हणून सकाळी पाठ पूर्वेला आणि तोंड त्या शेंड्यांकडे करून बसता येईल अशी, झाडीच्या कडेची मोकळी जागा निवडावी.

कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, जागा निवडायची असेल तर मालकाला विचारावे. देवराईत तर गावकऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि पादत्राणे काढल्याशिवाय जाऊच नये. बांबर येथील निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या झाडांची दुर्मीळ दलदल आहे. त्या झाडांची मुळे श्वासासाठी गुडघ्यासारखी चिखलातून वर आलेली असतात. छायाचित्रासाठी त्यांवर उभे राहणाऱ्यांमुळे त्यांना इजा होते.

खातरजमा: बसण्याची जागा, तेथपर्यंत चालायला लागणारा वेळ आणि अंधारात वाटेवर येणारे पाण्याचे टप्पे वहीत नोंदलेले असावेत.

## टप्पा ५: पहिला दीड तास बसावे, चालू नये

उजेड फुटण्यापूर्वी जागेवर पोहोचावे आणि बसावे. नवख्या माणसाला हे सर्वांत जड जाते, पण संपूर्ण क्रमातील हीच गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. माणूस चालू लागला की त्याच्या पुढे पुढे धोक्याचे आवाज सरकत जातात आणि त्याला नेहमी नुकतीच रिकामी झालेली झाडी दिसते. वीस-पंचवीस मिनिटे निश्चल बसले की आजूबाजूचे व्यवहार पूर्ववत सुरू होतात.

पहिल्या अर्ध्या तासात डोळ्यांपेक्षा कानांनी काम करावे. ओढ्याजवळून येणारी, माणसाने सहज शीळ घालावी तशी लांबलचक शीळ शीळकरी कस्तुराची असते. नवरंग पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन स्वरांची स्वच्छ शीळ घालतो, एरवी तो गप्प असतो. शेंड्यांवरून खडखडाटासारखा आवाज सलग आला तर शेकरू जवळ आहे. वानराचा ‘खोक्’ किंवा भेकराचे भुंकणे वारंवार ऐकू आल्यास त्या दिशेने धावत जाऊ नये. तेथे बिबट्यासारखा शिकारी प्राणी असू शकतो आणि आपण गेल्याने तो दिसण्याऐवजी निघून जातो.

येथे दोन चुका वारंवार घडतात. पहिली, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे. पक्षी प्रतिस्पर्धी आला असे समजून खाणे सोडून येतो, व्यर्थ शक्ती खर्चतो आणि उघड्यावर आल्याने शिकाऱ्यालाही दिसतो. मर्लिनसारखे ॲप आवाज ओळखण्यासाठी अवश्य वापरावे, पण वाजवण्यासाठी नाही. त्याने सुचवलेले नावही पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत कच्चेच धरावे, कारण पल्लवपुच्छ कोतवाल इतरांच्या नकला हुबेहूब करतो. दुसरी चूक म्हणजे दगड मारून किंवा ओरडून पक्षी उडवणे. कायद्यात शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हुसकावणे आणि आमिष दाखवणे हेही येते, हे लक्षात ठेवावे.

## टप्पा ६: मिश्र थवा आला की घाई करू नये

वीण आटोपल्यावर अनेक जातींचे पक्षी एकत्र फिरू लागतात. दहा-पंधरा मिनिटे शांत असलेल्या झाडीत अचानक चारी बाजूंनी हालचाल सुरू होते. पल्लवपुच्छ कोतवाल, निखार, शिलींध्री, माशीमार, बुलबुल असे कित्येक पक्षी एकाच दिशेने सरकत असतात. एकमेकांच्या हालचालीने उडालेले कीटक मिळतात आणि शिकारी पक्ष्यावर नजर ठेवणारे डोळे वाढतात, म्हणून ही सोबत असते.

अशा वेळी लोक दुर्बीण इकडून तिकडे फिरवतात आणि एकही पक्षी नीट पाहत नाहीत. थव्याची दिशा आधी नुसत्या डोळ्यांनी ठरवावी. मग त्याच्या पुढच्या बाजूचे एकच झाड निवडून दुर्बीण तेथे स्थिर ठेवावी आणि पक्ष्यांना त्या झाडावर येऊ द्यावे. प्रत्येक पक्ष्याची चोच, शेपटी आणि तो झाडाच्या कोणत्या थरात वावरतो एवढेच टिपावे. खोडावरून डोके खाली करून उतरतो तो शिलींध्री, शेंड्यावर लाल-काळा चमकतो तो निखाराचा नर. छायाचित्र पहिल्या थव्याचे काढूच नये. लेन्समधून पाहणाऱ्याला एक पक्षी मिळतो आणि उरलेले पंधरा निसटतात.

मलबारी कर्णा हा पक्षी मात्र थव्याच्या गडबडीत सहसा नजरेत भरत नाही. तो झाडाच्या मधल्या थरात आडव्या फांदीवर ताठ आणि स्तब्ध बसतो. थवा पुढे गेल्यावर पाच मिनिटे त्याच जागी थांबून मधला थर नजरेने सावकाश चाळावा.

## टप्पा ७: ऊन ओढ्यात उतरल्यावर फुलपाखरे

साधारण नऊ-साडेनऊला ऊन ओढ्याच्या पात्रापर्यंत पोहोचते. चालायला आता सुरुवात करावी, कारण फुलपाखरांना उडण्यासाठी अंग तापावे लागते. ओल्या वाळूवर त्यांचे घोळके बसलेले दिसले तर ते क्षार शोषून घेत आहेत असे समजावे. अशा घोळक्यात बहुतांश नर असतात. सावली त्यांच्यावर पडू न देता, वाकून, बाजूने हळूहळू जावे. सावली पडली की घोळका उठतो.

ब्लू मॉर्मन, सदर्न बर्डविंग आणि कमी ठिकाणी आढळणारे, पांढऱ्या कागदाच्या कपट्याप्रमाणे तरंगत जाणारे मलबार ट्री निम्फ ही या खोऱ्यातील खरी श्रीमंती आहे. रस्त्याकडेच्या खुळखुळ्याच्या झुडपांवर टायगर आणि क्रो जातींची फुलपाखरे गर्दी करतात. सुकलेल्या खुळखुळ्यातून मिळणारी रसायने नरांना मादीला आकर्षित करण्यासाठी लागतात. म्हणून वाटेतले वाळके झुडूप ‘कचरा’ म्हणून उपटू नये.

इशारा: झुडपात हात घालण्यापूर्वी फांदी नीट पाहावी. मलबारी चापडा हा विषारी साप हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा अनेक रंगांत आढळतो आणि ओढ्याकाठच्या झुडपात तासन्‌तास निश्चल पडून राहतो. भारतात मिळणारे सर्पविषरोधक औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर तयार केलेले आहे, चापड्याच्या नाही. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये. अवयव स्थिर ठेवून १०८ ला कळवावे आणि लगेच रुग्णालय गाठावे.

## टप्पा ८: पाण्याजवळ

धबधबा सर्वांत शेवटी ठेवावा, तोही दुपारच्या आत. ऑक्टोबरातील पाऊस खाली ऊन असतानाही वर डोंगरात पडत असतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, पाने व काड्या वाहत येणे आणि आवाज वाढणे यांपैकी एकही खूण दिसली की सामान न आवरता पात्राच्या बाहेर उंच जागी जावे. पात्राच्या मधल्या खडकावर जेवायला बसण्याची सवय पूर्णपणे सोडावी. साबण, शॅम्पू पाण्यात वापरू नये, खालच्या वाड्यांवर हेच पाणी वापरात येते.

विजांचा कडकडाट सुरू झाल्यास उघड्या सड्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये, गाडीत जाऊन बसावे.

## टप्पा ९: संध्याकाळ, गवे आणि परतीचा रस्ता

चारनंतर पुन्हा एका जागी बसावे, या वेळी शेत आणि रान जिथे भेटते त्या कडेला. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी संध्याकाळी येथेच बाहेर येतो. कळपापेक्षा एकटा नर अधिक बेभरवशाचा असतो. त्याने डोके उचलून एकटक पाहिले, फुस्कारले किंवा अंगाची आडवी बाजू दाखवली, तर त्याला आपण नको आहोत असे समजून तोंड त्याच्याकडे ठेवत सावकाश मागे सरकावे. पिल्लू आणि आई यांच्यामध्ये कधीही येऊ नये. गाडीत असाल तर हॉर्न आणि प्रखर दिवे दोन्ही टाळून थांबून राहावे.

अंधार पडल्यावर रानात फिरणे अभयारण्यात निषिद्ध आहे आणि त्याची गरजही नसते. मुक्कामाच्या सोप्यावर दिवा मालवून बसल्यास रातवा या निशाचर पक्ष्याचा टकटक आवाज आणि क्वचित बेडूकमुख्या या दुसऱ्या निशाचर पक्ष्याची हाक ऐकू येते. दिवसा बेडूकमुख्या बसलेला सापडलाच, तर दोन मिनिटे दुरून पाहून निघावे, फ्लॅश वापरू नये आणि जागेचा अचूक पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये. दुसऱ्या दिवशी तेथे पंचवीस कॅमेरे उभे राहतात.

त्याच रात्री घाट उतरणे भाग असेल तर वेग कमी ठेवावा. पावसाळ्यानंतरच्या उबदार डांबरावर साप आणि बेडूक येऊन बसतात, आणि अनमोड व चोर्ला या दोन्ही घाटांत ते चिरडलेले दिसतात.

## टप्पा १०: मुक्कामी परतल्यावर अंगाची तपासणी

कपडे घराबाहेर झटकून गरम पाण्यात टाकावेत आणि काखा, जांघा, गुडघ्यांची मागची बाजू, कानामागचा भाग नीट पाहावा. जळू चिकटलेली असेल तर मीठ, तंबाखू किंवा काडीची आच लावू नये. तसे केल्यास ती पोटातले सारे जखमेत ओकते. नखाची कड तिच्या तोंडाशी सरकवून पकड सोडवावी. रक्त काही वेळ वाहत राहते, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो. जखम धुऊन दाबून धरावी.

गोचीड वेगळ्या पद्धतीने काढावी लागते. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत पकडून, पीळ न देता, सरळ ओढून काढावी. तेल लावणे आणि चटका देणे दोन्ही चूक. सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत आणि तो गोचिडीमार्फत पसरतो. त्याचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. म्हणून रानात पाचोळ्यावर थेट बसू नये, आणि मेलेले माकड दिसल्यास त्याच्या जवळ न जाता वन किंवा आरोग्य खात्याला कळवावे.

नोंदी त्याच रात्री पूर्ण कराव्यात: तारीख, वेळ, जागा, हवामान, झाड, आवाज. ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकताना ओळख खात्रीची नसेल तर जात न लिहिता गटच लिहावा.

परतल्यानंतरच्या दोन आठवड्यांत एकाएकी जोराचा ताप, तीव्र डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाल्यास घरच्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे आणि कोणत्या रानात, किती तारखेला गेलो होतो व गोचीड चावली होती का, हे डॉक्टरांना त्यांनी विचारण्याआधीच सांगावे.